आजारी नसताना डॉक्टरकडे नाव कशाला नोंदवायचे? इंग्लंडमधील ‘जीपी’, त्याची यादी आणि यादीमागचा पैसा

सप्टेंबर महिना आला की महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतून एखादा मुलगा किंवा मुलगी लेस्टर, मँचेस्टर, शेफील्ड अशा कुठल्यातरी इंग्लिश शहरात शिकायला जाते. विद्यापीठाकडून पहिल्या आठवड्यात जी कामे सांगितली जातात, त्यांत बँकेचे खाते उघडणे आणि ओळखपत्र घेणे यांच्या जोडीला ‘जवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा’ अशी एक सूचना असते. ती ऐकून इकडे आईचा जीव धास्तावतो: ‘बरं वाटत नाहीये का? मग आत्ताच डॉक्टर कशाला?’ प्रश्न स्वाभाविक आहे. आपली आणि डॉक्टरची गाठ पडते ती ताप आला किंवा पाठ धरली म्हणजे. तपासणी होते, पैसे दिले जातात आणि व्यवहार तिथेच संपतो. त्यात मुलगा जर ‘आज सर्जरीत जाऊन आलो’ असे म्हणाला, तर विचारायलाच नको. (तिकडे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यालाच सर्जरी म्हणतात, हे त्याने आधी सांगितलेले बरे.)

धडधाकट माणसाने डॉक्टरकडे नाव नोंदवण्याची ही रीत तिथल्या दवाखान्यांच्या अर्थव्यवहारातून आलेली आहे. इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याला सरकारकडून जो पैसा मिळतो, त्याचा सर्वांत मोठा भाग रुग्णांची नावे यादीत असल्याबद्दल मिळतो; त्या रुग्णांना किती वेळा तपासले, याच्याशी त्याचा थेट संबंध नसतो. नवख्या माणसाला बुचकळ्यात टाकणाऱ्या तिथल्या बऱ्याच गोष्टींचे मूळ या एका गोष्टीत आहे. हा लेख इंग्लंडपुरता आहे, कारण स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्या व्यवस्था याच घराण्यातल्या असल्या, तरी त्यांचे तपशील वेगळे आहेत.

जीपी हा सरकारी नोकर असतो का?

ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस, ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. रुग्णालये सरकारच्या ताब्यात आली आणि तिथले डॉक्टर पगारदार झाले. फॅमिली डॉक्टरांनी मात्र पगारी नोकर व्हायला ठाम नकार दिला आणि आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांना त्यांच्याशी तडजोड करावी लागली. त्या तडजोडीनुसार जनरल प्रॅक्टिशनर, म्हणजेच जीपी, हा सरकारशी करार केलेला स्वतंत्र व्यावसायिक राहिला आणि पाऊणशे वर्षे उलटली तरी बहुतांश दवाखाने आजही त्याच स्वरूपात चालतात.

आपल्या ओळखीतले उदाहरण द्यायचे तर ते स्वस्त धान्य दुकानाचे देता येईल. दुकान खासगी माणसाचे असते, पण त्यातून होणारे वाटप सरकारच्या वतीने आणि सरकारने ठरवलेल्या अटींवर होते. आणि आपले कार्ड कुठल्या दुकानाला जोडले आहे, याची नोंद सरकारदरबारी असते. जीपीचे दुकानही असेच म्हणावे लागेल. दोनचार डॉक्टर भागीदारीत दवाखाना चालवतात, नर्स आणि स्वागतकक्षातल्या कर्मचाऱ्यांचे पगार देतात, वीजबिल भरतात आणि सरकारकडून आलेल्या रकमेतून हा सगळा खर्च वजा जाता जे उरते ती त्या भागीदारांची कमाई असते. जागेच्या भाड्यासारख्या काही खर्चांची भरपाई सरकार वेगळी देते. भागीदार नसलेले, दवाखान्याकडून पगार घेणारे जीपीही आता मोठ्या संख्येने आहेत.

मात्र एका मुद्द्यावर ही तुलना तुटते. रेशन दुकानदाराचे कमिशन तो किती क्विंटल धान्य वाटतो यावर ठरते, तर जीपीचे उत्पन्न त्याच्याकडे किती ‘कार्डे’ आहेत यावर ठरते.

बलुत्याचा हिशेब

वर्षाला माणशी ठरावीक रक्कम, मग तो माणूस दवाखान्यात शून्य वेळा येवो की वीस वेळा, या पद्धतीला दरडोई मोबदला म्हणतात. कल्पना आपल्याला परकी वाटायचे कारण नाही. गावगाड्यात सुतार आणि लोहार यांना शेतकऱ्याकडून खळ्यावर वर्षाचे बलुते मिळे. नांगराच्या फाळाला वर्षात एकदा धार लावली की चारदा, यावर ते धान्य मोजले जात नसे. बलुतेदारीत जातीची सक्ती होती आणि तिच्यामुळे पुष्कळ माणसे पिढ्यान्‌पिढ्या नाडली गेली, म्हणून तिचे गोडवे गाण्याचा इथे हेतू नाही. मोबदल्याची रीत तेवढी ध्यानात यावी, इतकेच.

इंग्लंडमध्ये ही रीत एनएचएसपेक्षाही जुनी आहे. लॉइड जॉर्ज अर्थमंत्री असताना १९११ साली राष्ट्रीय विमा कायदा झाला आणि १९१३ पासून विमा उतरवलेल्या कामगारांना आपापल्या भागातल्या ‘पॅनेल’वरील डॉक्टर निवडता येऊ लागला. कामगारामागे डॉक्टरला वार्षिक रक्कम मिळे. कामगाराची बायको आणि मुले यांना या विम्यात बहुधा स्थान नव्हते, त्यामुळे त्यांच्या आजारपणाचे पैसे रोखीने मोजावे लागत. १९४८ मध्ये तीच यादी सगळ्या लोकसंख्येला लागू झाली. त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडली: तोपर्यंत म्हातारा झालेला डॉक्टर आपला दवाखाना त्यातल्या गिऱ्हाइकांसकट तरुण डॉक्टरला विकत असे, ती नावलौकिकाची विक्री कायद्याने बंद झाली. यादीतून उत्पन्न मिळवता येते, पण यादी विकता येत नाही, हा दंडक तेव्हापासूनचा आहे.

‘पॅनेल डॉक्टर’ हा शब्द वाचून मुंबईच्या गिरणगावातल्या जुन्या वाचकांना काहीतरी आठवले असेल, आणि ते योग्यच आहे. त्याकडे पुढे येऊ.

२००४ मध्ये इंग्लंडमधल्या जीपींचा करार नव्याने लिहिला गेला. तोवर रुग्णाचे नाव एका डॉक्टरच्या यादीत असे. तेव्हापासून ते दवाखान्याच्या यादीत जाऊ लागले. त्यामुळे आपला ठरलेला असा एकच डॉक्टर ही भावना पातळ झाली. २०१५ पासून प्रत्येक रुग्णाच्या नावापुढे एक जबाबदार जीपी लिहिला जातो खरा, पण प्रत्येक वेळी त्याचीच भेट मिळेल अशी हमी त्यात नाही.

सगळी डोकी सारखी नसतात

दरडोई मोबदल्यात एक उघड अडचण आहे. पुण्यातल्या एखाद्या मेसचा मालक सगळ्यांकडून महिन्याचे सारखेच पैसे घेतो, असे समजा. त्याच्याकडे जेवायला येणारे सगळे जर बँकेतले कारकून असतील तर त्याचे बरे चालेल. पण शेजारी तालीम असेल आणि पंचवीस पैलवान येऊन बसले, तर पीठ पुरणार नाही. पैलवानांच्या वाट्याला त्याला जास्त पैसे मिळायला हवेत, नाहीतर पैलवान दिसताच तो ‘जागा नाही’ असे सांगू लागेल.

म्हणून यादीतले प्रत्येक नाव मोजण्यापूर्वी त्याला वजन दिले जाते. हे वजन ठरवणारे सूत्र यॉर्क विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ रॉय कार-हिल यांच्या नावाने ओळखले जाते आणि ते २००४ पासून लागू आहे. त्यात सर्वांत प्रभावी घटक वय आणि लिंग हे आहेत. ५ ते १४ वर्षांच्या मुलाचे वजन १ धरले, तर १५ ते ४४ वर्षांच्या पुरुषाचे वजन जवळजवळ तेवढेच राहते (या वयातले पुरुष डॉक्टरकडे जातच नाहीत, हे निरीक्षण सार्वत्रिक असावे), त्याच वयाच्या स्त्रीचे दुपटीहून थोडे अधिक होते आणि ८५ वर्षांपुढील माणसाचे सहापटीहून अधिक. वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषागृहात राहणाऱ्यांचे वजन वाढते. नव्याने नोंदवलेल्या नावाचेही पहिल्या वर्षापुरते वजन १.४६ पट होते, कारण नवा माणूस आला की त्याचा इतिहास समजून घ्यावा लागतो, तपासण्या कराव्या लागतात. याशिवाय परिसरातले मृत्यूचे प्रमाण, दीर्घकालीन आजारांचे प्रमाण, कर्मचाऱ्यांच्या पगाराचा स्थानिक दर आणि विरळ ग्रामीण वस्ती हे घटकही जमेस धरले जातात.

एप्रिल २०२५ मध्ये अशा एका ‘वजनदार’ नावामागे वर्षाला १२१ पौंडांहून थोडी अधिक रक्कम ठरली. आता दोन दवाखाने कल्पून पाहू. दोघांच्याही यादीत प्रत्यक्ष दहा दहा हजार नावे आहेत. पहिला नोकरदार तरुणांच्या वस्तीत असल्याने वजन लावल्यावर त्याची यादी ८,५०० भरते. दुसरा निवृत्तांच्या समुद्रकाठच्या गावी असल्याने त्याची ११,५०० भरते. माणसे सारखीच असूनही वर्षाच्या रकमेत सुमारे ३ लाख ६३ हजार पौंडांचा फरक पडला. ही रक्कम मासिक हप्त्यांनी येते आणि यादीची मोजदाद दर तिमाहीच्या सुरुवातीला होते.

या सूत्रातली एक खुबी सहसा कोणी सांगत नाही. वजने लावल्यानंतर सगळ्या देशाची बेरीज पुन्हा मूळ नावांच्या बेरजेइतकी करून घेतली जाते. म्हणजे भाकरी तेवढीच राहते, तिचे तुकडे तेवढे बदलतात. म्हणून एका प्रकारच्या रुग्णांना अधिक वजन द्या असे म्हणणारा प्रत्येक जण, ओघानेच, दुसऱ्या कुणाचे तरी कमी करा असेही म्हणत असतो.

‘मग रुग्ण न तपासणाऱ्या डॉक्टरचे फावणार नाही का?’

हा आक्षेप खरा आहे. पैसे आधीच मिळाले असतील तर प्रत्येक रुग्ण हा निव्वळ खर्च ठरतो. पण दुसऱ्या बाजूलाही पाहायला हवे. भेटीमागे पैसे घेणाऱ्या डॉक्टरला रुग्ण पुन्हा पुन्हा आला तर हवाच असतो; गरज नसलेले सलाइन, ‘परवा पुन्हा दाखवा’ आणि सर्दीला दिलेले इंजेक्शन यांचा अनुभव आपल्याकडे कुणाला नाही? एका पद्धतीत कमी उपचाराचा मोह असतो, दुसरीत जास्त उपचाराचा. मोह नसलेली पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही, आणि माझ्या मते दोहोंत निवड करायची झाली तर पहिल्या मोहावर नजर ठेवणे त्यातल्या त्यात सोपे आहे.

ती नजर अशी ठेवली जाते. एक तर रुग्णाला यादी बदलण्याची मोकळीक असते आणि त्यासाठी जुन्या डॉक्टरची परवानगी लागत नाही. नव्या दवाखान्यात नाव लागले की जुन्यातले आपोआप कमी होते आणि संगणकातल्या नोंदी मागोमाग येतात. दुसरे म्हणजे दवाखान्यांची तपासणी करणारी केअर क्वालिटी कमिशन ही स्वतंत्र यंत्रणा आहे. तिसरे, सगळा पैसा यादीवर अवलंबून ठेवलेला नाही. २००४ च्या कराराबरोबर गुणांची एक योजना आली, तिला क्यूओएफ म्हणतात. मधुमेहींची साखर आटोक्यात आहे का, उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचा दाब ठरलेल्या मर्यादेत आला का, अशा कामांना गुण आणि प्रत्येक गुणामागे पैसे. सुरुवातीला एकूण १,०५० गुण होते. खानापूर्ती वाढते आणि डॉक्टर रुग्णाकडे पाहण्याऐवजी पडद्याकडे पाहतो, या तक्रारींमुळे ते कमी होत गेले आणि २०२५-२६ मध्ये सहाशेच्या खाली आले.

पैशाचा आणखी एक स्रोत २०१९ पासूनचा आहे. शेजारशेजारच्या दवाखान्यांनी मिळून साधारण ३० ते ५० हजार रुग्णांचे जाळे तयार करायचे आणि औषधतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट अशांच्या पगाराचे पैसे त्या जाळ्याला मिळायचे, अशी ती योजना आहे. पाठदुखी सांगितली की डॉक्टरऐवजी फिजिओथेरपिस्टची वेळ का मिळते, याचे उत्तर बऱ्याचदा इथे असते. रुग्णाला टाळले, अशी त्यामागची भावना नसते.

सकाळी आठचा फोन

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला जीपीबद्दल विचारा, तो आधी सकाळी आठच्या फोनबद्दल बोलेल. दवाखान्याची करारातली वेळ सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते संध्याकाळी ६.३० अशी असते आणि त्या दिवशीच्या भेटींसाठी ठोक्याला फोन लावावा लागतो. पाच मिनिटे उशीर झाला तर ‘आजच्या वेळा संपल्या’ असे उत्तर येते. काम करायचीच इच्छा नाही, असा निष्कर्ष काढायला हे पुरेसे वाटते.

ढोबळ हिशेब मात्र वेगळे सांगतो. इंग्लंडमधल्या जीपी दवाखान्यांत वर्षाला ३५ कोटींहून अधिक भेटी होतात आणि यादीतली नावे सहा कोटींच्या वर आहेत. म्हणजे प्रत्येक नावामागे सरासरी साडेपाच भेटी. १२१ पौंडांना साडेपाचाने भागले तर भेटीमागे २२ पौंड येतात. इतर स्रोतांचे पैसे त्यात मिळवले तरी त्यातूनच कर्मचारी, नर्स, फोन, विमा आणि डॉक्टर, सगळ्यांचे भागवायचे असते. पूर्णवेळ काम करणाऱ्या एका पात्र जीपीमागे २,२०० हून अधिक रुग्ण पडतात. भेटी वाढल्या म्हणून उत्पन्न वाढत नाही. उत्पन्न वाढत नाही म्हणून आणखी एक डॉक्टर नेमता येत नाही. जिथे किंमत मोजून गर्दी आवरायची सोय ठेवलेली नाही, तिथे गर्दी रांगेने आवरली जाते, आणि जीपीची रांग फोनवर लागते. ऑक्टोबर २०२५ पासून दवाखान्याच्या पूर्ण वेळेत ऑनलाइन विचारणा स्वीकारण्याचे बंधन घातले गेले आहे. त्याने रांगेचा दरवाजा रुंद झाला, आत बसलेल्या डॉक्टरांची संख्या त्यामुळे वाढलेली नाही.

तरुणांची यादी, म्हाताऱ्यांची यादी

वजनाचे सूत्र किती नाजूक असते, हे २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनला दिसले. फुलहॅम भागातल्या एका जीपी दवाखान्याशी जोडून बॅबिलॉन या कंपनीने ‘जीपी ॲट हँड’ ही सेवा सुरू केली. मोबाइलवर डॉक्टर, तोही थोड्या वेळात. अट एवढीच, की आपल्या जुन्या जीपीकडचे नाव काढून या यादीत यायचे. भागाबाहेरच्या रुग्णांना घेण्याची मुभा २०१५ पासून होतीच. लंडनभरातून नावे आली आणि त्यांतले बहुसंख्य २० ते ३९ वयोगटातले होते.

मोबाइलवर डॉक्टर मिळणे ही सोय चांगली होती, आणि तरुणांनी ती घेतली यात त्यांचा काही दोष नाही. पण मेसचे उदाहरण आठवा. कमी जेवणारे कारकून उठून दुसऱ्या मेसमध्ये गेले आणि पैलवान तेवढे मागे राहिले. जुन्या दवाखान्याचे म्हणणे असे होते, की वर्षात एकदाही न येणारा तरुण आपल्या पैशाने दर आठवड्याला येणाऱ्या आजीबाईचा खर्च उचलत होता. सूत्रातली वजने हा फरक पुरता भरून काढत नाहीत. त्यात नव्या नावाचे पहिल्या वर्षाचे वाढीव वजन नव्या सेवेला मिळे ते वेगळेच. पुढे २०२३ मध्ये ती कंपनीच बुडाली. तिच्या अडचणी यादीपुरत्या नव्हत्या. वजन अचूक नसेल, तर हुशार धंदेवाईक हलकी नावे वेचून घेतो, हा प्रश्न मात्र तिच्याबरोबर बुडालेला नाही.

याहून गंभीर दोष गरिबीच्या बाबतीत आहे. सूत्रात वयाला मोठे स्थान आहे, दारिद्र्याला थेट स्थान नाही. कष्टकरी वस्तीतल्या माणसाला पन्नाशीत जे आजार जडतात, ते सुखवस्तू भागात सत्तरीकडे झुकल्यावर दिसतात. एकाच वेळी अनेक जुनाट आजार असण्याची वेळ गरीब भागांत १० ते १५ वर्षे आधी येते, असे स्कॉटलंडमधील एका मोठ्या पाहणीत २०१२ साली आढळले होते. पण सूत्राच्या लेखी तो पन्नाशीचा माणूस पन्नाशीचाच. त्यामुळे निवृत्तांच्या हिरव्यागार गावातल्या दवाखान्याला वजन मिळते आणि बंद पडलेल्या कारखान्यांच्या शहरातल्या दवाखान्याची ओढाताण होते. वेल्समधल्या ग्लिनकोरोग या खाणकामगारांच्या गावी जीपी असलेले ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्येच लिहून ठेवले होते, की चांगल्या वैद्यकीय सेवेची जिथे सर्वाधिक गरज असते, तिथेच ती सर्वांत कमी मिळते. याच खाणपट्ट्यांत आणि गिरण्यांच्या शहरांत स्थानिक डॉक्टर जायला तयार नव्हते, तेव्हा भारतीय उपखंडातून आलेल्या डॉक्टरांनी कितीतरी वर्षे त्या याद्या सांभाळल्या, हेही इथे नोंदवायला हवे. जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या दहा वर्षांच्या आरोग्य आराखड्यात कार-हिल सूत्राचा फेरविचार करण्याचे आश्वासन आहे. भाकरीचा आकार तोच ठेवून तुकडे बदलायचे झाले, तर ज्यांचा तुकडा लहान होईल त्यांचा आवाज मोठा असेल, हे सांगायला भविष्यवेत्त्याची गरज नाही.

यादीतली भुते

इंग्लंडची लोकसंख्या २०२३ च्या मध्यावर ५ कोटी ७७ लाखांच्या आसपास होती. जीपींच्या याद्यांमधली नावे मोजली तर ती ६ कोटी ३० लाखांच्या घरात जातात. वरची पन्नासएक लाख माणसे कोण? तिकडची वर्तमानपत्रे त्यांना ‘भूत-रुग्ण’ म्हणतात. देश सोडून गेलेले, दोनदा नोंदले गेलेले, मृत्यूची नोंद यादीपर्यंत न पोहोचलेले असे लोक त्यांत असतात.

‘म्हणजे डॉक्टर खोट्या नावांवर पैसे खातात!’ असा मथळा यावरून सहज तयार होतो, पण तो घाईचा आहे. गावातल्या मतदारयादीत परगावी गेलेल्यांची आणि वारलेल्यांची नावे वर्षानुवर्षे राहतात, तेव्हा ती कुणी मुद्दाम घुसडलेलीच असतात असे नाही. नाव घालायला माणूस स्वतः येतो, काढायला कोणी येत नाही. शिवाय लोकसंख्येचा आकडा हाही अंदाजच असतो आणि कागदपत्रांवाचून राहणारे पुष्कळ लोक त्यात निसटतात, पण जीपीच्या यादीत ते असू शकतात. याद्यांची साफसफाई अधूनमधून होते. दवाखान्याने किंवा यंत्रणेने पाठवलेली पत्रे परत आली, की नावापुढे खूण केली जाते आणि काही महिन्यांत उत्तर आले नाही तर नाव कमी होते. या साफसफाईत घरे बदलत राहणारी, पत्र वाचू न शकणारी, बेघर अशी जिवंत माणसेही निघून जातात, म्हणून ती फार कडकपणे करणे धोक्याचे आहे. सगळ्याच दवाखान्यांच्या याद्या सारख्या फुगलेल्या असत्या तर वाटपात फारसा फरक पडला नसता, कारण भाकरी ठरलेलीच आहे. खरी गडबड लंडनसारख्या वर्दळीच्या भागांतल्या याद्या इतरांपेक्षा जास्त फुगतात, तिथे होते.

‘आम्ही व्हिसाबरोबर पैसे भरले, ते कुठे गेले?’

विद्यार्थ्यांच्या पालकांचा हा हमखास प्रश्न असतो. फेब्रुवारी २०२४ पासून व्हिसासोबतचा आरोग्य अधिभार विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड आणि बहुतेक प्रौढांना १,०३५ पौंड आहे. रक्कम लहान नाही. पण ती सरकारी तिजोरीत जाते, एखाद्या दवाखान्याच्या खात्यात नव्हे. अधिभाराने सेवेचा हक्क मिळतो. तुमच्यासाठी ठेवलेला पैसा कुठल्या दवाखान्याकडे वळवायचा, हे तुमचे नाव ज्या यादीत पडेल तिच्यावरून ठरते. नाव नोंदवेपर्यंत तो पैसा तुमच्या गल्लीतल्या डॉक्टरपर्यंत पोहोचत नाही.

नोंदणी विनामूल्य असते. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवलाच पाहिजे असा नियम नाही. दवाखाने ते मागतात, पण केवळ ते नाहीत म्हणून नाव नाकारता येत नाही. दवाखान्याच्या ठरलेल्या हद्दीबाहेर राहत असाल किंवा यादी अधिकृतपणे बंद केलेली असेल तर नकार देता येतो, मात्र तो कारणासह आणि लेखी द्यावा लागतो. मुलाला भेटायला तीन महिन्यांहून कमी काळासाठी गेलेल्या आईवडिलांना तात्पुरता रुग्ण म्हणून नाव घालता येते, आणि जीपीची तपासणी पाहुण्यांनाही विनामूल्य असते. रुग्णालयातल्या उपचारांचे नियम मात्र वेगळे आणि महागडे आहेत, त्यामुळे प्रवास विम्यावाचून जाणे शहाणपणाचे नाही. औषधांच्या चिठ्ठीवर इंग्लंडमध्ये प्रत्येक औषधामागे ९ पौंड ९० पेन्स भरावे लागतात. मुले, साठीपुढचे लोक आणि इतर काही गट त्यातून वगळलेले आहेत.

गिरणगावातला पॅनेल डॉक्टर

आपल्याकडे हे सारे कधी नव्हतेच, असा समज मात्र चुकीचा ठरेल. औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याबद्दल प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये अहवाल दिला, त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला आणि मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या कार्डावर ‘पॅनेल डॉक्टर’चे नाव आले. शब्द ब्रिटिश, पद्धतही तीच: डॉक्टर खासगी, दवाखाना त्याचा स्वतःचा, आणि सरकारकडून मिळणारी रक्कम त्याच्या यादीतल्या विमाधारक कुटुंबांच्या संख्येवर. लालबाग-परळच्या चाळींतली माणसे ‘ईएसआयचा डॉक्टर’ असे म्हणत. तिथेही दरडोई रक्कम तुटपुंजी राहिली की डॉक्टरचे लक्ष रोखीने पैसे देणाऱ्यांकडे वळते, ही तक्रार होतीच. एकाच डॉक्टरने यादीतले आणि रोखीचे असे दोन्ही रुग्ण एकाच बाकावर बसवले, की बाकावरचा क्रम बदलू लागतो. इंग्लंडमध्ये जीपीला आपल्या यादीतल्या रुग्णाकडून, मोजके अपवाद वगळता, उपचाराचे पैसे घेता येत नाहीत, तो नियम याच कारणाने महत्त्वाचा आहे.

आज महाराष्ट्रातले प्राथमिक आरोग्य केंद्र ३० हजार लोकसंख्येमागे, आदिवासी आणि डोंगराळ भागात २० हजारांमागे एक, अशा हिशेबाने मंजूर होते. तो आकडा भूभागातल्या लोकांचा असतो, डॉक्टर निवडलेल्या लोकांचा नसतो. केंद्र बंद असले म्हणून तुम्ही आपले नाव उचलून दुसऱ्या केंद्राकडे नेले आणि त्याबरोबर पैसाही गेला, असे होत नाही. आणि खासगी फॅमिली डॉक्टरकडे तर यादीच नसते. त्याच्याकडचा कोणता मधुमेही सहा महिन्यांत फिरकला नाही, हे त्याला कळायला मार्ग नसतो. इंग्लंडमधला दवाखाना न आलेल्या माणसाला पत्र पाठवतो, लसीला बोलावतो, गर्भाशयमुखाच्या तपासणीची आठवण करून देतो, कारण तो माणूस न येताही त्याच्या यादीत असतो.

शिक्षण संपवून परत येणाऱ्या विद्यार्थ्यांनी खोलीची किल्ली परत करताना आणखी एक काम करावे. आपण देश सोडत आहोत, असे जीपीच्या दवाखान्याला एका ओळीने कळवावे आणि आपल्या लसींच्या व औषधांच्या नोंदींची प्रत मागून घ्यावी. बहुतेक जण ते विसरतात. मग मुलगी नाशिकला परतून नोकरीला लागलेली असते आणि शेफील्डच्या कुठल्यातरी दवाखान्यात तिच्या नावापुढे, पत्र परत येईपर्यंत, दर तिमाहीला एका निरोगी तरुणीचे वजन मोजले जात राहते.